न सरणारी माती

माझा मूळ धंदा पाण्याच्या टाक्यांना गिलावा करण्याचा. आमच्या कफर-लौझा गावाला नदी नाही, विहीर नाही. हिवाळ्यातला पाऊस खडकात खोदलेल्या टाक्यात साठवायचा आणि उन्हाळाभर तोच प्यायचा. चुना, राख, कुटलेली खापरं आणि वरून तेलाचा हात. नीट घोटला तर माझा गिलावा तीस वर्षं थेंब सोडत नाही. या धंद्यामुळे माझी एक साधी समजूत झाली होती: पाणी जातं म्हणजे कुठून तरी जातं. फट शोधायची, बुजवायची आणि पुढच्या कामाला लागायचं.

दुसरं काम वडिलांकडून आलेलं. गावाच्या वर टेकडीवर संत मार झब्दांची समाधी आहे, तिची झाडलोट आणि दिवाबत्ती आमच्या घराकडे असे. समाधीच्या पायथ्याशी दगडात रांजणाएवढा खळगा आहे. त्यातली माती लोक चिमटीने नेतात आणि तेलात किंवा पाण्यात कालवतात. तिला आम्ही हनाना म्हणतो. ताप उतरेना, शेळी दूध देईना, द्राक्षांवर कीड पडली, की हनाना. थोडी जिभेवर, थोडी कापडात बांधून गळ्यात, थोडी शेतात शिंपडायची. दीडशे वर्षं लोक ही माती नेताहेत आणि खळगा कायम भरलेला. संतांच्या पदांत यावर एक सबंध कडवं आहे. सिंहाने त्यांचं सरपण वाहिलं, टोळधाड त्यांच्या बांधावर थांबली, आणि त्यांची माती कधी सरली नाही.

वास्तविक दर वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी टेकडीच्या पूर्व अंगाची तीन टोपल्या माती आणून, तीनदा चाळून, मीच खळगा भरत असे. आधी वडील भरत. हे आमच्या धर्मगुरूंना ठाऊक होतं, बर्कताबाईंनाही ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सिंहाचं खरं-खोटं सिंहाला ठाऊक.

बर्कताबाई म्हणजे आमच्या व्रतकन्यांच्या प्रमुख. लग्न न करता, घरीच राहून, देवळात पदं गाण्याचं व्रत घेतलेल्या या मुली. माझी लेक शल्मथ त्यांच्यात गायची. आई तिच्या बाळपणीच गेली, मी सांभाळली. सोळा वर्षांची झाली होती, आवाज भरला होता, आणि निसान महिन्यात, वसंतातल्या उत्सवाला, ती रीतसर व्रत घेणार होती. तिच्यासाठी पांढरं लोकरी वस्त्र विणून तयार होतं.

शबात महिन्यात, थंडी अजून असताना, तिला ताप आला. मठातले वैद्य आले. नाडी पाहून म्हणाले, "हा ताप ओला आहे, गुरया. तीन दिवस पाण्याचा थेंब देऊ नकोस. दिलास तर मुलगी हातची जाईल."

मी दिला नाही. गिलाव्याचं काम करणारा माणूस मी, सांगितलेलं प्रमाण कधी चुकवत नाही.

पहिल्या दिवशी ती हसून मागत होती. "बाबा, चिडवताय होय? आणा की." दुसऱ्या दिवशी रडून मागू लागली. मग ओठ फुटले. तिने पाहू नये म्हणून मी घरातला घडा उचलून बाहेर भिंतीशी ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने माझं मनगट धरलं. तिचा हात तापलेल्या तव्यासारखा लागत होता. ती म्हणाली, "बाबा, एक घोट."

मी म्हणालो, "उद्या देतो हं, बाळ. आजचाच दिवस राहिला."

तिने मनगट सोडलं. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आधी ती गेली.

व्रतकन्यांना संतांच्या समाधीजवळ, आतल्या अंगणात पुरायची रीत आहे. मी बर्कताबाईंच्या पाया पडलो. त्या स्वतः रडत होत्या, पण म्हणाल्या, "व्रत झालं नव्हतं रे. सहा आठवडे कमी पडले. आज तिला आत घेतली तर उद्या कुणाकुणाला नाही म्हणू?" शल्मथला तटाखाली, सगळ्यांच्या कबरस्तानात, दगडगोट्यांच्या जमिनीत पुरलं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी मी टोपली घेऊन निघालो. दोन टोपल्या टेकडीच्या पूर्व अंगाने भरल्या. तिसरी भरायला वाकलो आणि हात पुढे जाईना. तसाच उठलो, खाली कबरस्तानात गेलो आणि तिसरी टोपली माझ्या मुलीच्या कबरीवरून भरली. तीनदा चाळली. खळग्यात सगळी एक करून हाताने सपाट केली. मला कुणाला फसवायचं नव्हतं. तिला आत घेत नाहीत ना, मग तिची माती तरी आत जाऊ दे, एवढंच मनात होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट जेवण गेलं.

उत्सवाच्या सकाळी पावसाने झोडपलं. गावाच्या खालून एक कोरडा ओढा जातो. त्याला वरच्या डोंगरातून लोंढा आला आणि पाणी खालच्या द्राक्षमळ्यांत शिरू लागलं. उत्सव टाकून सगळं गाव काठावर धावलं. धर्मगुरूंनी खळग्यातली ओंजळभर माती आणली होती. त्यांनी ती पुरात टाकली, आणि व्रतकन्यांनी भिजत भिजत संतांचं पद धरलं.

पद संपायच्या आत पूर ओसरला.

ओसरला म्हणजे वाहून गेला असं नाही, तो जागच्या जागी खाली खाली गेला. खडक उघडे पडले, लोंढ्याबरोबर वरून आलेले मासे तडफडू लागले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होते. मी धंद्याच्या सवयीने खाली उतरून ओढ्याच्या तळाला हात लावला. वर पाऊस चालू होता आणि तळ कोरडा होता. भर उन्हाळ्यात पडतात तशा जमिनीला भेगा होत्या. पावसाचा थेंब पडे आणि डाग न उमटता नाहीसा होई.

"काय पाहताय, गुरयादादा?" वरून देन्हाने विचारलं. देन्हा आमचा उपाध्याय. पदं रचणारा, निसिबिसच्या पाठशाळेत शिकून आलेला, बोलायला मिठ्ठास.

"चिखल नाही इथे," मी म्हणालो.

"चमत्कारात चिखल शोधणारा माणूस तुम्हीच!" तो हसला. "गवंड्याच्या नजरेने पाहू नका हो. गुडघे टेका."

आठवडाभरात त्याचं नवं कडवं तयार झालं:

पूर आला दारी, संतांनी ओंजळ धरली,
एका घोटात नदी कोरडी करून सोडली.

व्रतकन्या ते गाऊ लागल्या. मी देवळाच्या दाराशी झाडू घेऊन उभा होतो. "घोट" हा शब्द आला तसा मी झाडू तिथेच टेकवून बाहेर गेलो.

उत्सवाला गावच्या टाक्यातही हनाना टाकायची रीत आहे. तीही पाळली गेली होती.

टाक्यात उतरायला एकतीस पायऱ्या आहेत. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, उत्सवाला पाणी सहाव्या पायरीवर होतं. महिनाभराने ते चौदाव्या पायरीवर गेलं. एरवी पीक कापायच्या दिवसांत ते दहाव्यावर असतं. बायका कुजबुजू लागल्या. लोक माझ्याकडे आले, कारण गिलावा माझा.

"गुरया, म्हातारा झालास," शेजारचा मतय म्हणाला. "हात कापतो वाटतं घोटताना."

"फट असेल," मी म्हणालो. "शोधतो."

मी दिवसभर दिवा घेऊन पाण्याच्या वरची भिंत वीतवीत चाचपली. नखाएवढी फट नव्हती. खाली असेल म्हणून दोऱ्याला वजन बांधून तळ चाचपला. बाहेरून डोंगराच्या उतारावर कुठे ओल दिसते का तेही पाहिलं. टाकं झिरपत असलं तर बाहेर हिरवं होतंच. सगळं करपलेलं होतं.

मग घराघरांतून बातम्या येऊ लागल्या. ज्या घरात उंबऱ्यावर हनाना बांधला होता तिथले घडे सकाळी अर्धे असत. गळ्यात हनानाची पुडी बांधलेल्या शेळ्या आटल्या. गाव म्हणालं, दुष्काळाची चिन्हं आहेत, आणखी हनाना बांधा. बांधला. मी स्वतःला सांगत होतो की ऊन कडक आहे, घडे जुने आहेत, शेळ्या म्हाताऱ्या आहेत. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. फक्त ती सगळी कारणं एकत्र ठेवायची माझी छाती होत नव्हती.

मतयची सून हद्ता बाळंत होऊन दोन महिने झाले होते. एका दुपारी ती बाळाला घेऊन समाधीपाशी आली. बाळ रडत नव्हतं. त्याची टाळू आत गेली होती.

"गुरयाकाका, मला अजून थोडा हनाना द्या," ती म्हणाली. "दूध आटलं माझं. पुडी तर मी उत्सवाच्या दिवसापासून गळ्यात घातलीय, तरी आटलं. सासूबाई म्हणतात, माझीच श्रद्धा कमी पडते."

तिच्या गळ्यातली पुडी मीच शिवून दिली होती. मी ती पाहत राहिलो. बाळाचे ओठ फुटले होते. तसे ओठ मी पूर्वी एकदा पाहिले होते.

"काढ ती," मी म्हणालो.

"काय?"

"पुडी काढ, पोरी. माझ्याजवळ दे. सासूला सांग, संतांनी परत मागितली."

दुसऱ्या सकाळी मतय ओरडतच आला. सुनेला दूध फुटलं होतं. "संतांची कृपा!" तो म्हणाला आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मी हात मागे ओढला.

त्या दिवशी टाक्याचं पाणी अठ्ठाविसाव्या पायरीवर होतं. तिसऱ्या दिवशी तळ उघडा पडला. शंभर घरांचं गाव, पुढे चार महिने उन्हाळा. एक दिवसाच्या वाटेवरच्या टायग्रिस नदीहून गाढवांवर पाणी आणायला माणसं धावली.

पहिली गाढवं परतली त्या दुपारी मी एकटा टाक्यात उतरलो. वरच्या तोंडातून उन्हाचा एक चौकोन तळावर पडला होता. गाळ भाजल्यासारखा कोरडा होता. मी गुडघ्यांवर बसून सगळा तळ हाताने पाहिला. फट नव्हती. माझा गिलावा चांगला होता. तसा चांगला गिलावा मी पुन्हा कधी केला नाही.

खांद्याला पाण्याची कातडी पखाल होती. नुकतीच गाढवावरून उतरवलेली, गच्च भरलेली.

मी हळूच म्हणालो, "शल्मू?"

पखाल हलकी झाली.

एक थेंब सांडला नाही. तोंड बांधलेलंच होतं. कातडं माझ्या पाठीवर चपटं होत गेलं आणि शेवटी नुसतं लोंबत राहिलं.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. मला ढसाढसा रडू आलं. मी वर गेलो, दुसरी पखाल आणली. मग तिसरी. तळावर ओतत गेलो. गाळ ओला झाला नाही. "पी बाळ, पी," म्हणत होतो. पाचव्या पखालीला मतय पायऱ्या उतरून आला आणि मला धरून ओढलं. तो म्हणाला, "वेड लागलं का? लेकरांचं पाणी आहे ते!"

खरंच होतं त्याचं.

मी बर्कताबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिसरी टोपली कुठली होती तेही. त्या विणत होत्या, सुया तशाच हातात राहिल्या.

"बिशपांना कळलं तर?" मी विचारलं.

"माती चव्हाट्यावर टाकतील. आणि तिलाही उकरतील. भूत म्हणतील तिला." बर्कताबाईंनी डोळे मिटले. "आवाज कसा होता रे तिचा. सहा आठवडे. काय बिघडलं असतं माझं?"

"मग काय करू?"

"ते मला नाही सांगता येत. पुड्या मात्र मी गोळा करते."

त्यांनी दोन दिवसांत केल्या. घरोघर जाऊन सांगितलं, हनाना पुन्हा आशीर्वादाला न्यायचा आहे. कुणी शंका घेतली नाही. मी टाक्याचा तळ झाडला, खळगा खरवडला, ओढ्यातल्या भेगा पिसाने पुसून काढल्या. सगळी माती समाधीपाशी एका परातीत जमली. तीन टोपल्यांतली आता चार मुठी उरली होती.

कबरीत परत टाकावी, असं पहिल्यांदा वाटलं. मग तटाखालची ती जमीन डोळ्यांपुढे आली. तिथे पाणी द्यायला कोण होतं?

मी दिव्याचं तेल परातीत ओतलं आणि माती कालवली.

बर्कताबाई म्हणाल्या, "हनाना चिमूटभर घेतात, गुरया."

"माहीत आहे."

"एवढा कुणी खात नाही."

"तिने माझ्याकडे मागितलं होतं, बाई. गावाकडे नाही."

मी चारही मुठी खाल्ल्या. बोटं चाटली. परात पुसून घेतली. माती मातीसारखीच लागली, थोडी खारट.

मग तहान लागली.

आमच्या घरचे घडे मी संध्याकाळपर्यंत संपवले. पोट फुगलं नाही. दुसऱ्या दिवशी शेळ्यांना दूध आलं, उंबऱ्यावरचे घडे भरलेले राहिले. गाव सावरलं, पण माझ्यासाठी गाढवांच्या तीन खेपा लागत होत्या. मतयच्या नातवाच्या वाटणीचं पाणी मी पीत होतो. तिसऱ्या दिवशी मी समाधीच्या किल्ल्या देन्हाच्या हाती दिल्या आणि नदीची वाट धरली.

आज चार वर्षं मी टायग्रिसच्या काठी राहतो. इथे फुगवलेल्या कातड्यांचा तराफा चालवणारा झूता नावाचा नावाडी आहे. भला माणूस, तोंडाने फटकळ. त्याने आपल्या खोपीत मला जागा दिली आहे. पहाटे उठतो, पाण्यात गुडघाभर उभा राहतो आणि पितो. थांबलो की अंग तापतं, आणि मनगटाशी कुणीतरी धरल्यासारखं होतं. घट्ट नाही, नुसतं धरल्यासारखं.

पहिल्या वर्षी झूता म्हणाला, "काका, नदी पळून नाही जात. जरा दमाने."

"पोरीला तहान लागलीय," मी म्हणालो.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. पुन्हा कधी अडवलं नाही. त्यानेही एक मूल घालवलं आहे, हे मला नंतर कळलं.

रडायला मात्र मला येत नाही. ज्या दिवशी माती खाल्ली तेव्हापासून डोळ्यांतून पाणी येत नाही. छाती भरून येते आणि पापण्या कोरड्याच. कदाचित तेही तिलाच लागत असेल. लागू दे.

गावी पाऊस होतो, टाकं भरतं. माझ्या जागी देन्हा टोपल्या भरतो, पूर्व अंगाच्या. दर वसंतात यात्रेकरू इथून तराफ्याने पार होतात आणि जाताना पुराचं कडवं गातात. दूरदूरच्या गावांत ते पोचलं आहे. चाल फार सुंदर आहे. मी पाण्यात उभा राहून ऐकतो आणि वाटतं, शल्मू उभी राहून गात असती तर तिने कुठे श्वास घेतला असता.

यंदा उत्सवाला यात्रेकरू आले तेव्हा तराफा नदीत मध्येच तळाला टेकला. झूता शिव्या घालत लांब काठी शोधू लागला.

"डोंगरात बर्फ कमी पडलं असेल," मी काठावरून म्हणालो.

"कमी कसलं! माझ्या मेव्हण्याचं घर बुडालं बर्फात. छपरावरून बाहेर काढली माणसं."

"मग वर कुठे तरी फुटलं असेल. पाणी जातं म्हणजे..."

यात्रेकरूंचं गाणं थांबलं होतं. झूताने काठी ठेवून दिली आणि तराफा ढकलायला नदीच्या मधोमध पाय खाली सोडला. पाणी जेमतेम त्याच्या घोट्यापर्यंत आलं.